पेंटरकाकांच्या तबकड्या

शहरात पाट्या रंगवणारे आणखीही होते, पण 'पेंटरकाका' म्हटलं की लोक एकाच दुकानाकडे बोट दाखवायचे. काकांचं अक्षर असं, की दवाखान्याची पाटी वाचूनच निम्मं दुखणं पळावं. जीभ त्याहून रंगीत. गोष्ट कुठूनही निघाली तरी येऊन ठेपायची ती उडत्या तबकड्यांवर.

झालं होतं असं. नुकतंच लग्न झालेलं, आणि काका एका गोदामाच्या उंच भिंतीवर साबणाची जाहिरात रंगवत होते. दिवेलागणीची वेळ. शेवटचं अक्षर पुरं करून मान वर करतात तो काय, डोक्यावरून उजेडाचे ठिपके चाललेले! एकामागून एक, रांग धरून. बघता बघता आले आणि बघता बघता विझले. काका शिडीवरून कसे उतरले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. रंगाचा डबा मात्र त्यांच्या आधी खाली पोचला होता.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या मागच्या फळीवर ते दृश्य रंगवून टाकलं.

पुढे फळीचा रंग उडाला की काका ती पुन्हा रंगवायचे, आणि दर खेपेला ठिपके बाळसं धरायचे. पिवळ्याचे हिरवे झाले, मग त्यांना खिडक्या फुटल्या, मग खिडक्यांतून डोकी डोकावू लागली. गिऱ्हाइकं मुद्दाम विचारायची, "काय काका, पाहुणे परत आले की नाही?" काका हसून साजरं करायचे, पण आत कुठेतरी ठसठसायचं. थट्टा करत नव्हती ती एकटी काकू. ती म्हणायची, "त्या संध्याकाळी हे अनवाणीच पळत घरी आले होते. मी पाहिलंय."

अशात एक दिवस कॉलेजातल्या मॅडम दुकानात आल्या. त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, आणि आभाळात दिसलेल्या, कुणालाच न उलगडलेल्या दिव्यांच्या जुन्या हकिकती गोळा करून नव्यानं तपासायच्या. काकांनी खुर्ची पुसली, चहा सांगितला आणि गोष्ट सुरू केली. ती संपेपर्यंत दुसरा चहा झाला.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. मग फळीकडे बघत विचारलं, "काका, ह्यातलं त्या संध्याकाळचं किती?"

"सगळंच की!"

जेवणाचा डबा घेऊन आलेली काकू पदराआड हसली. "अहो, खरं सांगा ना. हिरवा रंग उरला होता म्हणून हिरवं केलंत."

"बरं, हिरवं सोडा."

"आणि ती डोकी?"

"ती आपल्या मुलीनं हट्ट धरला म्हणून," काका पुटपुटले.

मॅडमना हसू आवरेना. "पण काका, तुमचं पहिलं चित्र खाली असेलच ना अजून?"

काकांनी फळीवरून हात फिरवला. स्वतःच्या हातचं काम खरवडायचं म्हणजे जिवावरच येतं. पण इतक्या वर्षांत कुणीतरी गोष्टीच्या मुळाशी जायला आलं होतं. त्यांनी थिनरचा बोळा आणि पत्रा हातात घेतला. डोकी गेली, खिडक्या गेल्या, हिरवं गेलं. तळाशी उरले मळकट पिवळे ठिपके. रांग वाकडीतिकडी, एक ठिपका मागे रेंगाळलेला, आणि प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना पुसटसे फराटे.

"हे फराटे कसले?"

"ते थरथरत होते. कसं सांगू... फडफडल्यासारखे."

"आणि आवाज?" काकू म्हणाली. "पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा आवाज काढून दाखवला होतात. यंत्राची घरघर नंतर आली."

काकांनी डोळे मिटले, आठवलं आणि घशातून आवाज काढला, "व्हॉक्! व्हॉक्!"

मॅडम खुर्चीतून ताडकन उठल्या. "रातबगळे! पोट पांढरं, अंधार पडायला लागला की खायला बाहेर पडतात. गोदामाजवळच्या तळ्याकाठी वस्ती आहे त्यांची. पण खालून उजेड कुठून आला?"

गोदामामागे खेळाचं मैदान होतं. तिथल्या म्हाताऱ्या वायरमननं कोडं सोडवलं. मोठे दिवे तेव्हा नुकतेच बसवले होते, आणि वळवायचे राहिले म्हणून थोडे दिवस त्यांची तोंडं आभाळाकडेच होती.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे एवढी वर्षं मी बगळ्यांची गोष्ट सांगत फिरलो?"

"हा अंदाज झाला, काका. अंदाज खरा की खोटा, ते प्रत्यक्ष करून बघायला लागतं. तुम्ही येणार ना?"

मैदानाच्या व्यवस्थापकानं परवानगी दिली. ठरल्या संध्याकाळी गोदामाच्या भिंतीखाली काका, काकू, मुलगी आणि मजा बघायला अख्खी बाजारपेठ जमली. वायरमननं एका दिव्याचं तोंड वर केलं. उजेडाचा झोत आभाळात घुसला आणि रिकामाच राहिला. लोक कुजबुजायला लागले. शेजारचा न्हावी म्हणाला, "पाहुण्यांची गाडी चुकली वाटतं." काकांना घाम फुटला.

एवढ्यात तळ्याकडून आवाज आला. व्हॉक्!

आणि झोतात पहिला ठिपका पेटला. मग दुसरा, मग रांगच्या रांग. पिवळसर, थरथरते, कुणीतरी आतून दिवा लावल्यासारखे. पक्षी आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळ्या गर्दीच्या तोंडून एकच "आं!" निघाला. न्हाव्यानं शेजाऱ्याचा दंड घट्ट धरला.

काकूनं वर बघतच विचारलं, "हेच का हो?"

"हेच गं! अगदी हेच!" काका लहान मुलासारखे उड्या मारत होते. इतकी वर्षं जे तिला नुसतं सांगत आले, ते आज दाखवता आलं होतं. काकूच्या डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर हसू मावत नव्हतं.

"काका," न्हावी म्हणाला, "मला तर माहीत असूनही पळावंसं वाटलं. तुम्ही तर शिडीवर होता!"

त्यानंतर काकांच्या मागे नवाच उद्योग लागला. मॅडम जुनी हकिकत ऐकायला निघाल्या की काका रंगपेटी घेऊन बरोबर. माणूस सांगेल तसं ते रंगवायचे, आणि मधेच ब्रश थांबवून प्रेमानं दटावायचे, "हे डोळ्यांनी पाहिलंत, की नंतर सुचलं?" कितीतरी दिवे असेच उलगडले. कुणाचं विमान निघालं, कुणाचा शुक्र.

मग एका निवृत्त नर्सबाईंनी दवाखान्याच्या गच्चीवरून पाहिलेला तांबडा गोळा सांगितला. काकांनी तो रंगवला. बाई म्हणाल्या, "बास, एवढाच होता." मॅडमनी बरेच दिवस डोकं खाजवलं, वेधशाळेत विचारलं, विमानतळावर विचारलं. शेवटी हात टेकून म्हणाल्या, "काका, हे काही मला कळलेलं नाही."

"म्हणजे बाईंचा पाहुणा अजून पाहुणाच!" म्हणत काकांनी आनंदानं मांडीवर थाप मारली आणि नर्सबाईंना ही बातमी सांगायला त्याच पावली निघाले.