चादरीखाली कोण?

“चादरीखाली मीच आहे! लिहून टाक!” मेश्रामकाका फोनवर कडाडले. पाचच मिनिटांपूर्वी करमरकरकाकांनीही हेच ऐकवलं होतं. फोटोत चादर एकच होती आणि प्रेतही एकच.

मी गुरुग्रामच्या एका कंपनीत प्रदर्शनांचा मजकूर लिहिते. मंडी हाउसच्या नाट्यगृहांच्या रस्त्याचा इतिहास फोटोंतून तिथल्याच फुटपाथवर मांडायचा, असं काम आलं होतं. बावीस पॅनेल, म्हणजे माणसाएवढे उभे बोर्ड. त्यातलं मराठी नाटकांचं फक्त एक. सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आलेली आपली माणसं ऑफिस सुटलं की थेट या रस्त्यावर तालमीला यायची. डब्यातली उरलेली पोळी खात संवाद घोकायची. माझे बाबाही त्यांतलेच. ते पॅनेल गेलं असतं तर मला फार लागलं असतं.

बॉसला त्याचं काय! “फोटो में सबके नाम चाहिए. कल पाँच बजे तक. नहीं तो ये पैनल ड्रॉप, यार.”

रडणारी नायिका, डॉक्टर, दोन शेजारी, सगळ्यांची नावं मिळाली होती. घोडं अडलं प्रेतापाशी. त्यात स्पर्धेतल्या त्या प्रयोगाच्या परीक्षकांनी प्रेताचं खास कौतुक केलेलं. इतकं निश्चल काम पाहिलं नाही म्हणे! दोघे काका एकाच मंत्रालयातून रिटायर झालेले आणि दोघांनीही ही भूमिका आलटून पालटून केलेली. मग माघार कोण घेणार?

“दोघांचीही नावं टाकू का?” मी मेश्रामकाकांना चाचरत विचारलं.

“एका चादरीखाली? त्या करमरकरबरोबर? काहीतरीच काय!”

शेवटी करोल बागेत सुलभामावशींकडे गेले. त्या काकांच्या नाटक-ग्रुपची ‘प्रॉपर्टी’ सांभाळायच्या. प्रॉपर्टी म्हणजे कप, काठी, कंदील असलं नाटकाचं सामान. मावशींनी चष्मा लावला, फोटो पाहिला आणि पोट धरून हसत सुटल्या.

“अगं, संसदेचं अधिवेशन चालू होतं. साहेबांनी दोघांनाही सोडलं नाही. माझ्या होल्डॉलमधली गादी गुंडाळून ठेवली मी!”

“मग परीक्षकांनी कौतुक केलं ते...”

“गादीचं! आणि पुढे कौतुक कानावर आल्यावर दोघंही म्हणे त्या दिवशी तिथे होते. चाळीस वर्षं सांगतायत. आता त्यांनाही खरंच वाटत असेल, बिचारे.”

मी ओळ लिहिली : ‘चादरीखाली : गादी’. बॉसने ती वाचली, खो खो हसला आणि ओके केली. माझा जीव भांड्यात पडला. पण काकांना कोण सांगणार? मीच.

मेश्रामकाकांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, “म्हणजे करमरकरचं नाव नाही ना?”

“नाही.”

“मग बिल्कुल ठीक.”

करमरकरकाकांनीही तोच प्रश्न विचारला. फक्त नाव बदलून.

पॅनेल लागलं. तेव्हापासून जुन्या नाटकाचं काही विचारायचं झालं, की मी आधी सामान सांभाळणाऱ्यांकडे जाते. नटांना फोन छपाई झाल्यावर.