सुजाताआक्कांचा रविवारचा डाव

सुजाताआक्का कुणाला "कसा आहेस?" असं विचारत नसत. त्या विचारत, "बरं, मग आता काय करतोस?" रस्त्यात भेटल्या तरी हेच, फोनवरही हेच. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बेळगावजवळच्या येळ्ळूरला आमच्या घरी सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या खोलीतल्या, कॉटवर पडून होतो. कामावरून परतताना ट्रकनं माझी मोटारसायकल उडवली होती. खुबा आणि उजवा हात, दोन्ही मोडले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण कॉटशेजारी खुर्ची ओढून "कसं वाटतंय रं?" म्हणायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो. व्यायाम करून घ्यायला बेळगावच्या हॉस्पिटलातून फिजिओथेरपिस्ट येणार आहेत, एवढं आईनं सांगितलं होतं. आल्या त्या चाळिशी ओलांडलेल्या, उंच, सावळ्या, खांद्याला कापडी पिशवी. पिशवी खुंटीला अडकवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"परशराम ना? काय करतोस?"

"काय करणार? पडलोय."

"ते दिसतंय मला. पडून काय करतोस?"

 उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. पाय हातात घेतला आणि कामाला लागल्या.

आक्का निपाणीच्या. तंबाखूच्या वखारीत राबलेल्या घरातली कॉलेजात गेलेली ही पहिली मुलगी. आठवड्यातले काही दिवस बेळगावला हॉस्पिटलात, उरलेले निपाणीत स्वतःच्या छोट्या दवाखान्यात. दर मंगळवारी त्या आमच्याकडे येत. व्यायाम करून घेताना गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. अशाच एका मंगळवारी माझा गुडघा वाकवता वाकवता त्यांनी त्यांच्या रविवारच्या डावाची गोष्ट काढली. कॉलेजच्या हॉस्टेलात मैत्रिणींनी शिकवलेला खेळ. तेव्हापासून सोडला नव्हता.

"एक जण गोष्ट चालवतो," त्या म्हणाल्या. "बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हत्यात. पुढं नदी आली, दरोडेखोर आले, की काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जमलं का न्हाय, ते फासा सांगतो. हरणं-जिंकणं काय न्हाय. गोष्ट पुढं जायची, एवढंच."

"पोरांचा खेळ दिसतोय."

"व्हय की. मोठी माणसं लाजत्यात. आमचा चौथा गडी नोकरीला बेंगळूरला गेला. तू येतोस?"

मी कॉटवरून संडासापर्यंत जाऊ शकत नव्हतो आणि ही बाई मला निपाणीला खेळायला बोलावत होती. मला रागच आला. पण आक्कांनी त्याचाही विचार केलेला होता. असे खेळ दूर बसून खेळण्यासाठी इंटरनेटवर सॉफ्टवेअर मिळतात. फोनच्या पडद्यावर मेज मांडल्यासारखा नकाशा उघडतो, आपलं माणूस सोंगटीसारखं बोटानं सरकवायचं, फासेही तिथंच पडतात, आणि जो तो आपल्या घरी बसून बाकीच्यांचा आवाज ऐकतो. अशी बरीच सॉफ्टवेअर त्यांनी धुंडाळली होती. त्यातल्या एकावर त्यांचा फार जीव जडला होता.

त्याला त्या 'मंगल कार्यालय' म्हणत. काय नव्हतं त्यात! मशाल घेऊन सोंगटी पुढे सरकली की भिंतीवर उजेड सरकायचा, दार उघडलं की मागची खोली दिसायची, पाऊस पडला की पावसाचा आवाज यायचा. आक्का नकाशे स्वतः काढायच्या, पेन्सिलीनं आणि जलरंगात. एकेक वळण, एकेक झाड. ते नकाशे या मंगल कार्यालयात असे उजळून निघायचे की त्या स्वतःच पाहत बसायच्या.

पहिल्या रविवारी आम्ही त्यावर खेळलो. मी, निपाणीचे हिरेमठ सर आणि कागलची रेश्मा. सर कन्नडचे निवृत्त प्राध्यापक. रेश्माचं औषधांचं दुकान. दोघांचे फक्त आवाज मला ठाऊक. माझा फोन जुना, डावा हात तेवढा चालणारा, आणि आमच्या सोप्यातलं नेटवर्क म्हणजे कधी आहे, कधी नाही. बाकीचे गुहेत शिरले, मशाली पेटल्या, आणि माझा पडदा काळाच राहिला. आवाज तुटत होते. कुणीतरी हसलं, कशाला ते मला कळलं नाही. फोन तव्यासारखा तापला आणि बंद पडला. मी तो पायथ्याशी भिरकावला आणि आईला म्हणालो, "त्या बाईला सांग, पुन्हा ह्यो खेळ न्हाय."

मंगळवारी आक्का आल्या, नेहमीसारखा व्यायाम करून घेतला, खेळाचं नावही काढलं नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. त्यानंतरच्या खेपेला मात्र पिशवी खुंटीला न लावता त्या कॉटच्या कडेला बसल्या.

"चूक माझी झाली," म्हणाल्या. "माझे नकाशे चांगले दिसावेत म्हणून मी ते निवडलं. तुझा फोन बघितलाच न्हाय. दे इकडं."

मग त्या मंगळवारी व्यायाम झाल्यावर त्यांनी माझ्याच फोनवर, आमच्याच सोप्यात, एकेक सॉफ्टवेअर उघडून बघितलं. डाव्या हाताच्या अंगठ्यानं सगळं जमतं का, आडवं पडून वाचता येतं का, नेटवर्क गेलं तर परत आत येताना किती खटाटोप पडतो. एकात खेळाचे सगळे नियम आधीच भरलेले होते. आकडेमोड आपोआप व्हायची, पण आत शिरायलाच चौकोनामागून चौकोन भरावे लागत, आणि त्यात मराठीची जोडाक्षरं फुटून पडत. "ही तहसील कचेरी," आक्का म्हणाल्या. "हितं सॉफ्टवेअरच खेळतंय, आपण नुसतं सही करायला." दुसऱ्यात नकाशा सुरेख होता, पण सरांना लागणारी कन्नड अक्षरं मुंगीएवढी दिसत आणि मोठी करायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी एक अगदी साधं उघडलं. पांढरा फळा. बोटानं रेघ मारा, गोल काढा, तो तुमचा माणूस. एका कोपऱ्यात फासे. बस्स. माझा फोन तापला नाही. नेटवर्क गेलं, आलं, आणि मी होतो तिथेच होतो.

"ह्यो आपला कट्टा," आक्का म्हणाल्या. "कुणीपण येऊन बसावं."

त्या कट्ट्यावर त्यांचे नकाशे नीट दिसत नव्हते, रंग फिसकटून जायचे. ते माझ्या लक्षात आलं.  त्या दिवसापासून आक्कांनी नकाशे दाखवणं सोडलं आणि तोंडानं सांगायला सुरुवात केली. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती मला पुष्कळ उशिरा समजली. सर निपाणीतच राहायचे, आणि रेश्मा कागलहून दर रविवारी बसनं यायची. मी डावात आल्यावर आक्कांनी दोघांनाही आपापल्या घरी बसवलं. "तिघं मेजावर आणि एक फोनमध्ये असला की फोनमधला पाहुणा व्हतो," असं त्या रेश्माला म्हणाल्या होत्या. "सगळीच फोनमध्ये बसूया."

"गोष्टीत कोण व्हायचंय तुला?" त्यांनी मला विचारलं.

"लंगडा," मी मुद्दाम म्हणालो.

"बरं. लंगडा. करतो काय?"

मला वाटलं होतं त्या समजूत काढतील. त्यांनी काढली नाही, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं. "नाव चालवतो. नदीवर."

अशी माझी नाव सुरू झाली. नदी निपाणीजवळच्या वेदगंगेसारखीच होती, फक्त पलीकडच्या काठाला वेगळं राज्य, वेगळा राजा. सर झाले जकात गोळा करणारा, कन्नडमधून भांडणारा एक चिडका म्हातारा, रेश्मा झाली जडीबुटीवाली. सरांचा मोबाइलमधल्या फाशांवर काडीचा विश्वास नव्हता. ते घरातले पितळी फासे टाकायचे आणि काय पडलं ते सांगायचे. वाईट पडलं तर आधी एक मोठा सुस्कारा ऐकू यायचा, त्यामुळे त्यांच्यावर कुणी कधी संशय घेतला नाही.

एका रविवारी गोष्टीत पूर आला. सरांचा म्हातारा जकात नाक्याच्या छपरावर अडकला. आक्का पाणी असं सांगत होत्या की मला कॉटखाली ओल लागल्यासारखी वाटली. मी नाव पाण्यात घातली. फासा वाईट पडला. पुन्हा घातली. नाव कलंडली आणि मी फोनमध्ये ओरडलो, "सर, दोर धरा! सोडू नका! धरा म्हणतोय न्हवं!"

स्वयंपाकघरातून आई पळत आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच. मी कॉटवरून पडलो असं तिला वाटलं होतं.

"काय झालं रं?"

"नाव बुडाली, आई."

"कुणाची?"

"माझी."

आई दाराच्या चौकटीला टेकली. अपघातानंतर माझा एवढा मोठा आवाज तिनं ऐकला नव्हता. हाताचं पीठ तिनं पदराला पुसलं. मग म्हणाली, "आणि ते सर? ते वाचले का?"

त्या मंगळवारी आक्का आल्या तेव्हा आईनं त्यांना चहा द्यायच्या आधी पुराचं काय झालं ते विचारलं.

पुढे कधीतरी, काठीवर उभा राहायला लागल्यावर, मी आक्कांना म्हणालो, "तुम्ही ह्ये सगळं माझ्या उपचारासाठीच केलासा न्हवं?" त्या इतक्या चिडल्या की मी दचकलो. "उपचार मंगळवारी असतो. रविवारी खेळ. मला गडी पाहिजे होता म्हणून बोलावलं तुला. तुझ्यावर उपकार करायला माझ्याकडं रविवार न्हाय." या रागाबद्दल मी त्यांचा जितका ऋणी आहे तितका पायाबद्दलही नाही. सगळं गाव मला सांभाळून घेत होतं. माझी गरज असलेली ही एकटीच भेटली होती.

मध्यंतरी एकदा सीमावादावरून वातावरण तापलं. बस बंद पडल्या, चौकात घोषणा झाल्या. त्या रविवारी माझे काका सोप्यात बसले होते. सरांचं कन्नड फोनमधून ऐकू आल्यावर ते कानडी लोकांबद्दल जे वाईटसाईट बोलले ते सगळ्यांच्या कानावर गेलं.   मग सरच हळू आवाजात म्हणाले, "परशराम, आज मी मराठीतच बोलतो."

"नको सर," मी म्हणालो, "तुमचा म्हातारा कन्नडमधीच चिडतो. मराठीत त्याला मजा येत न्हाय."

सर मोठ्यानं हसले. "आयतु, आयतु," म्हणाले, म्हणजे ठरलं. आक्कांनी फक्त एवढंच म्हटलं, "पाणी वाढतंय. चला." काका उठून बाहेर गेले, पण पुढच्या रविवारी परत आले आणि दाराशी बसून ऐकत राहिले.

पाय थोडा बरा झाल्यावर मी पहिल्यांदा निपाणीला गेलो. आक्कांच्या घराचा जिना काठी टेकत चढलो. ज्यांना मी धिप्पाड समजत होतो ते हिरेमठ सर माझ्या खांद्याला लागत होते, आणि रेश्मा, जिचा आवाज इतका दमदार, ती वाऱ्यानं उडेल एवढी बारीक. भिंतीवर ते नकाशे लावलेले होते. ते पाहताना आमच्यासाठी आक्कांनी काय बाजूला ठेवलं होतं ते मला कळलं. मी तसं म्हणालो तर त्या म्हणाल्या, "नकाशा मला ठाऊकच हाय रं. तुमी त्यात काय करताय ते मला ठाऊक नसतंय. मजा त्याची."

मी पुन्हा कामाला लागलो, लग्न झालं. डाव सुरूच राहिला. मग गेल्या वर्षी आक्कांच्या पोटात दुखू लागलं आणि निदान झालं तेव्हा फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. त्यांनी आम्हाला ते हवामानाची बातमी द्यावी तसं सांगितलं. जमेल तितके रविवार त्या गोष्ट सांगत राहिल्या. आवाज लागेनासा झाला तेव्हा म्हणाल्या, "आज तुमी तिघं चालवा. मी ऐकते." आम्ही चालवली. मध्येच त्या हसल्याचं ऐकू आलं. त्यांचा मी ऐकलेला शेवटचा आवाज तोच.

त्या गेल्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही तिघं त्यांच्या आईला भेटायला निपाणीला गेलो. सत्तरी ओलांडलेल्या, वखारीत तंबाखू निवडून बोटं काळवंडलेल्या मावशी. लेकीशिवाय त्यांना कुणी नव्हतं. चहा झाला, बोलणं संपलं, आम्ही उठायला लागलो तर म्हणाल्या, "बसा. एक विचारायचंय. रविवारी माझी लेक त्या खोलीत दार लावून कुठं जायची? लई हसायची. खेळ म्हणायची, पर मला कधी कळला न्हाय. तिथं न्या मला."

 मग आक्कांच्या मेजाभोवती आम्ही चौघं बसलो. गोष्ट सरांनी सुरू केली, त्यांच्या कन्नड वळणाच्या मराठीत. "सकाळ झालीय, मावशी. तुम्ही एका गावाच्या वेशीत उभ्या आहात."

"कुठलं गाव?"

"तुम्ही सांगा की."

मावशींनी विचार केला. "माझं माहेर धरा. वेशीतच विहीर हाय. मोठी, दगडी. आमास्नी तिच्यावर चढू देत न्हवते. वरून कुणी घालंल तेवढं पाणी घ्यायचं."  त्यांची नजर मेजावरून हलली नाही. "गावात मागनं जाते. आधी विहिरीवर चढते. पोहरा सोडते."

सरांचा हात फाशांकडे गेला. रेश्मानं तो धरला.

"सर, ह्याला फासा लागत न्हाय."

मावशींनी दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडाशी नेली, आणि डोळे मिटले.

"गार हाय," त्या म्हणाल्या.