फ्लॉपीच्या फटीतल्या अक्षता

दसऱ्याला आमच्या घरी यंत्रांची पूजा होते. शिवणयंत्र, मोटारसायकल, मिक्सर आणि दिरांचा सॅम्पलर. सॅम्पलर म्हणजे आवाज साठवून ठेवणारा आणि बटण दाबलं की तो वाजवणारा जुना खोका. दीर इथे रांझीत जागरणाची पार्टी, म्हणजे रात्रभर देवीची भजनं गाणारी मंडळी, चालवतात, खोका त्यांचा. साफसफाई आणि दुरुस्ती माझ्या गळ्यात, कारण घरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मीच केला आहे.

या खोक्याला स्वतःची आठवण नसते. आवाज फ्लॉपीवरून चढवायचे. लाईट गेली की सगळं साफ. त्या दिवशी दिरांनी सासऱ्यांच्या ढोलकचे ठोके चढवून ठेवले होते, संध्याकाळी पाटणला कार्यक्रम होता. सासरे वारले आहेत आणि ठोके एकाच फ्लॉपीवर. दुसरी प्रत करा, हे मी सांगून थकले होते.

सासूबाईंनी चालू खोक्यावर हळदकुंकू, अक्षता वाहिल्या, वर निरांजनातलं तूप सांडलं. दिरांनी आणखी आवाज चढवायला तीच फ्लॉपी आत सारली. करकर झाली. बाहेर काढून फ्लॉपीचा पत्रा सरकवला, तर चकतीवर गोल चरा आणि त्यात कुंकू.

"वहिनी, एकदा बंद करून चालू करून पाहू का?"

"बंद केला तर ठोके गेले. आता ते फक्त आत आहेत. सरका बाजूला."

चालू मशीन उघडायची नसते. शॉक बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून मी डावा हात पाठीमागे धरला आणि उजव्याने झाकण काढलं.  आत तुपाने चिकटलेले तांदूळ, काही यंदाचे, काही मागच्या दसऱ्याचे, काळे पडलेले. त्यांवर मुंग्या. कोपऱ्यात झुरळाची अंडी आणि पालीच्या लेंड्या. देवाच्या नावाने इतकी घाण मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. दीर म्हणाले, मुंग्या येणं शुभ असतं.  मी चिमट्याने एकेक दाणा उचलला, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून फ्लॉपी वाचणारा हेड पुसला. पहिला बोळा लाल निघाला, दुसराही. तिसरा पांढरा आला तेव्हा कोऱ्या फ्लॉपीवर ठोके उतरवले, मग दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीवर.

उतरले की नाही हे कळायला खोका बंद करावाच लागणार होता. दिरांचा हात बटणाकडे जाईना. मीच बंद केला, पुन्हा चालू केला, नवी फ्लॉपी घातली.

पहिली थाप आली. तिच्या आधी सासऱ्यांचं ते ओलं खाकरणंही आलं. ते कापून टाका, असं मी दिरांना किती वेळा सांगितलं होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "परत वाजव," त्या म्हणाल्या. मी वाजवलं. मग त्या कुंकवाची चिमूट घेऊन फ्लॉपीकडे आल्या.

मी दोन्ही फ्लॉप्या पदराखाली घेतल्या आणि म्हटलं, "आई, कुंकू खोका न्यायच्या पिशवीला लावा. आणि आधी हात धुऊन या."