सातविणीची शेवटची साल

लोकांना नाही म्हणून म्हणून माझा जीव मेटाकुटीला आला होता. लढाईची वर्षं. खालापूरकडच्या आमच्या गावात पाऊस सरला की हिवताप यायचा, आणि कोयनेलची गोळी औषधालासुद्धा मिळत नव्हती. मग जो तो कोयता घेऊन आमच्या बांधावरच्या सातविणीकडे. तिच्या सालीचा काढा कडूजहर, पण त्यानं ताप उतरतो असा सगळ्यांचा भरवसा. हात पोचेल तिथवर बुंधा सोलून झाला होता. उरली होती एक वीतभर रुंदीची उभी पट्टी, मुळापासून वर गेलेली. ती राखायचं काम सासऱ्यांनी माझ्या गळ्यात घातलं. त्यांना चालवत नव्हतं आणि नवरा खोपोलीला कामावर.

सासऱ्यांनी तरुणपणी शेत मोकळं करताना किती झाडं नुसतं सालीचं कडं काढून मारली होती. ते सांगायचे, "झाड पानी पितं मुळानं आन जेवतं पानानं. पानी लाकडातनं वर चढतं, जेवन सालीतनं खाली उतरतं. ती पट्टी गेली की मुळं उपाशी मेली."

एक दिवस विहिरीवर शेजारीण आली. तिची पोर तीन दिवस थंडीनं कुडकुडत होती. कोयनेलसाठी कर्जतला जाऊन ती हात हलवत परत आली होती. त्या पट्टीतली चार बोटं साल तिनं सगळ्या बायकांसमोर मागितली. मी म्हटलं, फांदीची ने. फांदीच्या सालीला गुण नसतो असं सगळेच मानत, मीही मानत होते. ती बरं म्हणाली आणि हंडा उचलून गेली. पोर उठली, पण वीस दिवसांनी, नुसती काडी होऊन.

पंधरवड्यानं माझ्या मुलाला ताप भरला. दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे फिरवले. भर दुपारी सासरे ओटीवर डुलक्या घेत होते, तेव्हा मी कोयता घेऊन बांधावर गेले. चार बोटांवर थांबायला हवं होतं. नाही थांबले. अख्खी पट्टी सोलली, पांढरा चीक कोपरापर्यंत ओघळला. मग बाकीच्या जखमांसारखं तिथंही शेणमातीनं लिंपून टाकलं.

मुलगा वाचला. आणि झाड हिरवंच! पुढच्या वर्षी तर असा फुलोरा आला की वासानं डोकं उठायचं. म्हातारा उगाच काहीतरी बरळतो, असं म्हणून मी सुटले. लाकडातून पाणी तेवढं चढत होतं आणि मुळं साठवणीचं खात होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली. पावसात एक कोंब फुटला नाही.

सासरे काठी टेकत बांधापर्यंत आले. काठीच्या टोकानं त्यांनी लिंपण खरवडलं. कडं पुरं झालेलं होतं. कुणी काढली, म्हणून विचारलं तर कुणीतरी शेजारणीचं नाव घेतलं, विहिरीवर तिनंच मागितली होती ना! मी तिथंच उभी होते. सासरे मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. पुढे ताप आला की बायका तिलाच शिव्या घालायच्या.

एकदा वाळल्या सातविणीखाली ती काटक्या गोळा करत होती. मी जवळ गेले तशी मान वर न करता म्हणाली, "मी नाय काढली गं."

"म्हायती हाय मला," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग बांधावर खेळणाऱ्या माझ्या मुलाकडं बघितलं.

"पोरगा बरा हाय ना?"

"हाय."

"मंग ऱ्हाऊं दे."

तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. आता सांगतेय, तर ऐकायला ना सासरे राहिलेत ना ती.