कच्च्या मूर्ती उन्हात, आम्ही मुंबईत

मूर्तींच्या कारखान्यात किश्श्यांना तोटा नसतो. आठ-दहा माणसं दिवसभर खाली मान घालून बसलेली. हात गुंतलेले, तोंड मोकळं. मग दुसरं काय होणार? एकाची गंमत दुसरा सांगतो, दुसऱ्याची तिसरा, आणि माघात सांगितलेला किस्सा भाद्रपदापर्यंत मंडळाच्या मूर्तीएवढा होतो! मी मात्र झालं तसंच सांगतो. माझं शिक्षण चौथी. वाढवून सांगायला जास्त शिकावं लागतं.

माझा कारखाना पेणला, रामवाडीत. दरवर्षी मे महिन्यात एक शनिवार-रविवार मी तो बंद ठेवतो आणि सगळ्यांना मुंबईला नेतो. मेचं ऊन म्हणजे कच्च्या मूर्ती वाळवायचं ऊन. त्या दिवसांत पेणमध्ये कोणी कारखाना बंद ठेवत नाही. शेजारचे कारखानदार हसतात. हसू देत. वर्षभर तीच सोंड, तेच पोट करून माणसाचा डोळा मरतो. दुसऱ्याचं चांगलं काम बघितलं की जागा होतो. सुट्टीत मुंबईत प्रदर्शनं असतात, नाटकं असतात, मुलांची शिबिरं असतात. जेवढं दोन दिवसांत बसेल तेवढं बघायचं आणि परत यायचं.

हे सगळे किस्से एकाच वर्षाचे आहेत. त्या वर्षी वसंता सोडून चालला होता.

वसंता गडबचा. सोळा वर्षं माझ्याकडे. मोठी मूर्ती साच्याशिवाय, नुसत्या हातानं उभी करणारा माझ्याकडे तो एकटाच. गुरुवारी समोर येऊन उभा राहिला. "अण्णा, रोह्याला कंपनीत झालं माझं. परमनंट. सोमवारी पहिली शिफ्ट."

मी म्हटलं, "बरं झालं."

दुसरं काय म्हणणार? त्याला दोन मुली. गणपती गेले की दोन महिने माझ्याकडे काम नसतं. तेव्हा तो लोकांच्या शेतावर भात कापायला जायचा. कंपनी बारा महिने पगार देते. थांब म्हणायला मला तोंड नव्हतं. असतं तरी म्हटलं नसतं.

"सहलीला येतोस ना?" एवढंच विचारलं.

"येतो. शेवटचं."

*

गाडी पेणच्या बाहेर पडली नाही तोच सुमननं तोंड उघडलं. सुमन आमच्याकडे आखणी करते. म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. सगळी मूर्ती झाली तरी डोळे उघडेपर्यंत ती माती असते, त्यामुळे सुमन कोणालाच भीत नाही. मलाही नाही.

"वसंता, कंपनीत काय बनवतात रे?"

"पावडर."

"कसली?"

"ते नाय सांगितलं अजून."

"मग तिला सोंड कुठून काढशील?"

सगळी गाडी हसली. वसंताही हसला. मग पनवेलपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

*

पहिल्यांदा वस्तुसंग्रहालय. वसंता व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला. "तुम्ही बघून या. मला आता बघून काय करायचंय?"

आम्ही आत गेलो. दामू आमचा साच्याचा आणि पॅकिंगचा माणूस. मूर्ती पेंढ्यात बसवून ट्रकमध्ये अशी लावतो की खड्ड्यात ट्रक गेला तरी उंदराचं शेपूट हलत नाही. त्यानं पहिल्याच दगडी मूर्तीवर बोटाची पेरं वाजवली. टक्, टक्!

पहारेकरी धावत आला. "ओ काका! हात लावायचा नाही! हजार वर्षांची मूर्ती आहे!"

"हात कुठं लावला? वाजवून बघितली. भरीव हाय," दामू म्हणाला. जसं काही त्या पहारेकऱ्याला शंकाच होती!

पुढच्या दालनात सगळ्या तुटक्या मूर्ती. कोणाला हात नाही, कोणाला नाक नाही. एकीला तर डोकंच नाही. दामू तिथं हात जोडून उभा राहिला. बराच वेळ. मला वाटलं, चला, एका माणसाचा तरी डोळा जागा झाला.

दामूनं मोठा सुस्कारा सोडला.

"पेंढा कमी घातला, अण्णा!"

*

दुपारी नाटक. नाटकात बैठकीची खोली होती आणि कोनाड्यात गणपतीची मूर्ती. पडदा वर गेल्यापासून आमची अख्खी रांग नाटकाकडे बघतच नव्हती.

"कान बघ कान. बारीक केलेत."

"आपल्याकडचा नाय."

"पेणचाच हाय, पण आपला नाय."

स्टेजवर म्हातारे वडील शेवटच्या घटका मोजत होते. लोक रुमाल काढून बसलेले. पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या. "जरा गप्प बसाल का? ते जातायत!"

सुमन म्हणाली, "बाई, ते रोजच्या खेळाला जातात. पण त्या गणपतीचा डावा डोळा चुकलाय, तो कोण सुधारणार?"

सुधारलाही तिनंच! नाटक संपल्यावर सरळ मागे गेली, मेकअपवाल्याचा ब्रश मागितला आणि उभ्या उभ्या डोळा नीट केला. मेकअपवाला बघतच राहिला. म्हणाला, "ताई, उद्याच्या खेळाला याल का? आमच्या नायिकेचे पण डोळे काढायचे असतात."

"तुमच्या नायिकेला सांगा, हलायचं नाय. माझे गणपती हलत नाहीत!"

बाहेर चहा पिताना तिनं वसंताला विचारलं, "तुला कशी वाटली रे सोंड?"

"मी सोंड कशाला बघू? मी नाटक बघत होतो."

"मग सांग, शेवटी म्हातारा मेला का जगला?"

वसंतानं कपातला चहा हलवला. त्याला सांगता येईना. गंमत म्हणजे आमच्यातल्या कोणालाच सांगता येईना!

*

रविवारी सकाळी प्राण्यांच्या बागेत हत्ती बघितला. जन्मभर हत्तीचं तोंड करणारी माणसं आम्ही, पण खरा हत्ती जवळून बघितलेला दोघांनीच. मोठी गर्दी होती. मुलं ओरडत होती. आमची माणसं मात्र परीक्षकासारखी कठड्याला ओळीनं उभी.

दामू म्हणाला, "साच्यातून नीट निघालेला नाय. अंगभर सुरकुत्या."

सुमननं डोळे बारीक केले. "मातीकाम झकास हाय रे, पण डोळे पार कडेला नेऊन टाकलेत. आखणी घाईत उरकलीय!"

मागं उभे असलेले एक गृहस्थ मुलाला म्हणाले, "बाळा, पुढे चल."

*

तिथून मुलांच्या सुट्टीच्या शिबिरात गेलो. शाडूचा गणपती करायला शिकवत होते. शिबिर चालवणाऱ्या बाईंना आम्ही पेणचे हे कळलं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि नंबर काढायला सांगितलं. मी नंबर काढला नाही. एका मुलानं गणपतीला चष्मा लावला होता, दुसऱ्याचा गणपती पाठीवर झोपला होता. ह्यांत पहिला कोण आणि दुसरा कोण? मी म्हटलं, "सगळ्यांना हात धुवायला सांगा. चांगले मळलेत." बाईंना वाटलं मी रागावलो. ते माझं कौतुक होतं.

एका मुलीच्या गणपतीची सोंड गळून पडली. सात-आठ वर्षांची असेल. ओठ बाहेर आले, आता रडणार. दाराशी वसंता उभा होता, दोन्ही हात खिशात घालून. ती सोंड आणि गणपती घेऊन थेट त्याच्यापुढे गेली. एवढ्या माणसांत त्याच्याकडेच का, तिला ठाऊक.

"काका, लावून द्या ना."

वसंता म्हणाला, "मला नाय येत."

आमच्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. कोणी हसलं नाही. सुमन उठली आणि तिनं सोंड लावून दिली.

ह्या किश्श्यात हसण्यासारखं काही नाही. पण झालं तसं सांगतो म्हटलं ना!

*

दुपारी परत निघायचं होतं. शिबिरातल्या बाई म्हणाल्या, जवळच एका गॅलरीत मातीकामाचं प्रदर्शन आहे, तेवढं बघून जा. गेलो. आत एसी होता म्हणून वसंताही आला. नाहीतर गाडीतच बसणार होता.

मधोमध बसलेली मातीची बाई. खऱ्या बाईएवढी. डोक्यावर मातीचाच हंडा. काम कसलं! ओणवलेली पाठ, जमिनीवर टेकलेला हात, पायाची बोटं सुद्धा जागच्या जागी. पण सबंध अंगाला तडे. कोरडी ठणठणीत पडलेली. खाली पाटी होती, "हात लावू नये."

वसंता लांब उभा होता. मग जवळ आला. एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला पाठीमागे थांबला आणि वाकला.

"पाणी," म्हणाला.

कोणाला काही कळायच्या आत त्यानं अंगातला शर्ट काढला. माझ्या हातातली बाटली घेऊन तो भिजवला आणि त्या मूर्तीच्या मानेला गुंडाळला! एसीमध्ये गंजीफ्रॉकवर उभा. दामूनं दोन्ही हातांनी वरचा हंडा तोलून धरला. सुमननं फरशीवर पडलेले मातीचे तुकडे गोळा केले आणि बाटलीच्या झाकणात कालवायला घेतले. कोणी कोणाला सांगितलं नाही. कारखान्यात सांगावं लागत नाही.

ती मूर्ती करणारी मुलगी आतून पळत आली. तिशीची असेल. "अहो! अहो, काय चाललंय हे? तडे जायलाच हवेत तिला! दुष्काळ आहे तो! तडे हेच तर माझं काम आहे!"

"जाऊ देत की," वसंता मान वर न करता म्हणाला. "तडे कोण अडवतंय? पण हा मानेतून आरपार चाललाय. हंडा कोणाच्या डोक्यात पडणार ते ठरवलंय का?"

ती मागं आली. वाकून बघितलं. मानेच्या तड्यात तिचं करंगळीचं पेर गेलं. ती खालीच बसली.

"अजून आठ दिवस प्रदर्शन आहे हो," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "मग आता?"

"आता धरा," वसंता म्हणाला आणि ओल्या शर्टाचं एक टोक तिच्या हातात दिलं. "बाकीचे तडे ऱ्हाऊ द्या तुमच्या मनासारखे. मान तेवढी मला द्या."

तिनं धरलं. तो पातळ माती बोटानं आत भरत होता, हळू, खालून वर. कोपरापर्यंत हात भरले होते. बाहेर आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. लोक जमले होते. दोघांनी मोबाईलवर फोटो काढले. त्यांना वाटलं, हाही प्रदर्शनाचाच भाग आहे!

तेवढ्यात गॅलरीचा पहारेकरी रजिस्टर घेऊन आला. खमक्या माणूस. "मॅडम काही म्हणोत. मूर्तीला हात लावला की तक्रार लिहायची, असा नियम आहे. नाव?"

"वसंत."

"गाव?"

"गडब."

"कामाला कुठे?"

दामूनं हंडा धरला होता, तो हंड्याकडे बघायला लागला. सुमनचं कालवणं थांबलं. मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर काही नव्हतं.

"ओ, कामाला कुठे? लिहायचंय मला."

वसंता अंगठ्यानं मानेवरची माती दाबत होता. दाबून झाली, बोटानं पुसून घेतली, एक डोळा मिटून बघितलं.

"पेणला," तो म्हणाला आणि हनुवटीनं मला दाखवलं. "ह्यांच्याकडं. दामू, हंडा वर घे. सुमन, अजून पाणी आण गो."

पहारेकरी माझ्याकडे वळला. "तुम्ही मालक का? तुमच्या माणसानं प्रदर्शनातल्या वस्तूला हात लावलाय. इथं सही करा."

मी खिशातून चष्मा काढला. त्यानं लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचलं. आणि सही केली.