चरकाची घुंगरं

निमगाव केतकीच्या स्टँडजवळ रसवंतीत रसाची वाट बघत मी टेबलावर बोटांनी ढोलकीचा ठेका वाजवत होतो. चरकाला बांधलेली घुंगरं साथीला होती. तेवढ्यात वीज गेली. घुंगरं थांबली आणि माझी बोटं उधळलेल्या बैलागत पळाली. रसवाल्याचा पाय मात्र पहिल्याच संथ चालीनं हलत राहिला.

"पाव्हणं, पळताय कुठं?" तो ऊस पुसत म्हणाला. "घुंगरं थांबली तरी आत वाजत्यातच की. ती ऐका."

वीज अर्धा तास आली नाही. मी रसाविना त्याच्या पायाकडं बघत वाजवत बसलो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी आमच्या गावच्या भजनात मी जन्मात पहिल्यांदा लय धरून ढोलकी वाजवली. माझ्यामागं धावायची सवय झालेल्या बुवांनी अभंग मधेच थांबवला आणि काळजीनं विचारलं, "तात्या, बरं वाटत न्हाय का?"