आतेच्या हाताएवढं स्वयंपाकघर

आमच्या आतोबांइतका जमिनीवर अविश्वास असलेला माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आतेचे यजमान. उभा जन्म त्यांनी किनाऱ्यानं जाणाऱ्या आगबोटींवर कोठार सांभाळण्यात घालवला आणि तीस सालच्या आसपास ते रत्नागिरीला घरी परतले, पण परतलं ते फक्त शरीर; मन अजून हेलकावे खात होतं. जांभ्याच्या चिऱ्यांचं ते घर आजोबा-पणजोबांपासून एका जागी मुकाट उभं होतं. तरी आतोबा कंदील खुंटीला दोरीनं बांधीत, तांब्या नेहमी कोपऱ्यात दाबून ठेवीत आणि चहाची बशी दोन्ही हातांत अशी धरीत, की जणू कोणत्याही क्षणी घर कलंडणार आहे. एकदा आम्ही पालीला लग्नाला गेलो होतो. सगळी पंगत उठली तरी यांचा डावा हात आमटीच्या द्रोणावरून हलला नव्हता. कुणीतरी कारण विचारलं. "दर्या काय सांगून उठत नाय," आतोबा म्हणाले. पालीहून समुद्र कित्येक कोस लांब आहे, हे त्यांना सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

आते मात्र जमिनीवरची. उंचीनं आतोबांच्या खांद्यालाही लागत नसे, आणि तिचं सगळं राज्य म्हणजे परसाकडचं ते टीचभर स्वयंपाकघर. दोन माणसं आत शिरली तर एकानं भिंतीला चिकटून उभं राहावं, एवढीच जागा. त्यातही लाकडं परसदारी, मीठ एका टोकाला, पाणी मोरीपाशी आणि आमसुलांची बरणी वरच्या फळीवर. एक बांगड्याचं कालवण करायचं तर दहादा उठावं लागे, आणि आतेचे गुडघे आता बोलू लागले होते. मुलगा मुंबईला गिरणीत होता. त्याचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं: आईला इकडे पाठवा, चुलीपाशी बसण्याचं तिचं वय आता राहिलं नाही, सून करून वाढील. आते उठली. आत गेली आणि धुतलेलंच पातेलं पुन्हा घासत बसली.

"माजी चूल हितं हाय," थोड्या वेळानं ती आतूनच म्हणाली. "मी कुटं जायाची नाय."

"मग उटूच नको," आतोबा म्हणाले. "सगळं बसल्या जागी आनून देतो."

दुसऱ्या दिवसापासून ठाकठोक सुरू झाली. भाट्याच्या खाडीत मोडीत निघालेल्या एका मचव्याच्या सागवानी फळ्या आतोबांनी आणल्या. सुताराला हात लावू दिला नाही. स्वतः चुलीसमोरच्या पाटावर बसून, हात लांब करून करून त्यांनी मापं घेतली. जांभ्याच्या भिंतीत कोनाडे कोरले, चुलीशेजारी लाकडांना खण केला, फळ्यांवर फळ्या चढवल्या. आणि प्रत्येक फळीच्या तोंडाशी चांगला वीतभर उंचीचा कठडा ठोकला, म्हणजे वादळात बरण्या घरंगळायला नकोत. आम्ही सगळे पाहायला गेलो. खरं सांगायचं तर जागा दुप्पट झाल्यासारखी वाटत होती, आणि आतोबांची छाती तर त्याहून फुगली होती.

आते पाटावर बसली. चूल पेटली. हळदीसाठी तिनं हात पुढे केला, तो कोनाड्याच्या चार बोटं अलीकडेच थांबला. तिखटाचा डबा हाताशी आला, पण कठड्यावरून उचलताना अर्धा सांडला. त्या दिवशी ती बारा वेळा उठली, आणि शेवटच्या वेळी उठताच येईना तेव्हा तिथेच बसून रडली.

"अवो, तुमचा हात केवडा नि माजा केवडा! बोट बांदलीत तुमी, तीबी तुमच्यापुरती."

 पुढचे आठ दिवस आतोबा हातात कोळशाचा तुकडा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर नुसते बसून राहिले. आते जिथे हात नेई तिथे उठून भिंतीवर एक रेघ ओढीत. मीठ कितीदा लागतं, पाणी कोणत्या हातानं घेते, उठताना आधी कोणता गुडघा उचलते, सगळं पाहत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी शेजारी टेकलो तेव्हा हलकेच म्हणाले, "तीस वरसं हिच्या हातचं खाल्लं रे. हात पयल्यांदा बगतोय."

मग त्यांनी सगळं उखडलं आणि रेघांवरून पुन्हा बांधलं. फळ्या खाली आल्या, कठडे निघाले. एकच कठडा मात्र त्यांनी टाकला नाही. तो पाटाच्या उजव्या हाताला, भिंतीत पक्का बसवला. "बोट डोलाय लागली की आमी हेच धरतो," ते आतेला म्हणाले. आते तो धरून उठली आणि त्या दिवशी "आई गं" म्हणाली नाही. मुंबईला उत्तर मीच लिहिलं: आईचं इकडे ठीक चाललं आहे, तुम्हीच शिमग्याला या.

त्यानंतर आते सात वर्षं त्या चुलीपाशी बसली. ती गेल्यावर मुलानं आतोबांना न्यायला किती येरझाऱ्या घातल्या, पण ते हलले नाहीत. स्वतःच भात-कालवण करून खात. ठेंगण्या फळ्यांवर त्यांचं डोकं रोज आपटे. कपाळावरचं टेंगूळ पाहून मी एकदा म्हटलं, "आतोबा, आता तरी फळ्या वर घ्या."

"नको," ते म्हणाले. "माप बरोबर हाय."

जेवण झालं. उठण्यासाठी त्यांनी कठड्याकडे हात नेला. मधोमध तो आतेच्या तळव्यानं झिजून गुळगुळीत झाला होता. आतोबांनी तेवढा भाग सोडला, हात बाजूला सरकवला आणि तिथे धरून ते सावकाश उठले.